सुक्कोथ, कोजागिरी आणि दहावा माणूस

गणपती उठले की ऑफिसात कुणीतरी मला विचारतंच, "काय रे, तुमची दिवाळी कधी असते?" पूर्वी मी सविस्तर सांगायला बसायचो. मग समोरच्याचा डोळा घड्याळाकडे जायचा. आता एकच उत्तर ठरवून टाकलंय, "कालनिर्णयात बघ, जिथे मोठी पौर्णिमा असेल तिथे आमचं काहीतरी असतंच." ऐकणाऱ्याला वाटतं मी टिंगल करतोय. पण ते बरंचसं खरं आहे, आणि आजचा विषय तोच आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात ओळख. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आडनावाच्या शेवटी 'कर', घरात मराठी, डब्यात वालाचं बिरडं, आणि नावं मात्र बायबलमधली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि आम्ही सगळे त्यांचे वंशज, अशी आमची परंपरागत कथा. पुढे हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायला लागले. कोकणात वीकेंड आम्ही आणला, असं मी एकदा आमच्या एचआरला ऐकवलं होतं. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. (मी शनिवारी लिहीत नाही, रविवारीच लिहितो, त्याचंही कारण हेच. आळस हे दुसरं कारण.)

तर कॅलेंडर. ज्यू पंचांग आणि आपलं पंचांग, दोन्ही चांद्र-सौर. महिने चंद्राचे, पण ऋतू हुकू नयेत म्हणून अधूनमधून अधिक महिना घुसवायचा. १९ वर्षांत ७ अधिक महिने, हा हिशेबही दोन्हीकडे जवळजवळ सारखाच. फरक एवढाच की आपला अधिक मास सूर्य कुठल्या राशीत कधी जातो यावर ठरतो आणि फिरत राहतो. ज्यूंचा मात्र ठरलेल्या वर्षी, ठरलेल्या जागी, म्हणजे अदार महिन्यालाच जोडून येतो. एक रूल-बेस्ड, एक हार्डकोडेड म्हणा. त्यामुळे बहुतेक वर्षी दोन्ही पंचांगं हातात हात घालून चालतात आणि एखाद्या वर्षी एका महिन्याने सुटतात.

२०२५ हे हातात हात घालायचं वर्ष होतं. २२ सप्टेंबरला घटस्थापना आणि त्याच संध्याकाळी आमचं नवीन वर्ष, रोश हशाना. २ ऑक्टोबरला दसरा, आणि त्याच दिवशी आमचा मोठा उपास, योम किप्पूर. वर गांधी जयंती. एका रजेत तीन कामं झाली, मॅनेजरपुढे हात पसरावे लागले नाहीत. ६ ऑक्टोबरला कोजागिरी, त्याच संध्याकाळी सुक्कोथ सुरू. त्याच वर्षी मार्चात होळी आणि आमचा पुरीम लागून आले, आणि १२ एप्रिलला हनुमान जयंतीच्या संध्याकाळी पेसाह, म्हणजे वल्हांडण. २०२३ मध्ये मात्र आपल्याकडे अधिक श्रावण आला आणि सगळं महिनाभर मागे-पुढे झालं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा तसंच. सुक्कोथ २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी आणि कोजागिरी ऑक्टोबरच्या अखेरीस.

हे जुळणं आमच्या जुन्या लोकांना काही स्प्रेडशीट न करता ठाऊक होतं. त्यांनी सणांना दिलेली नावं बघा. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७ साली बेने इस्राएलांचा इतिहास लिहून पूर्ण केला (छापायला १९३७ उजाडलं), त्यात ही नावं नोंदलेली आहेत. रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. पुरीम म्हणजे चक्क 'होळीचा सण'. योम किप्पूर म्हणजे 'दारफळणीचा सण', कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, कुणाकडे जायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी गाठीभेटी आणि दानधर्म. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास म्हणजे 'बिरड्याचा रोजा', कारण उपास सोडायला वालाचं बिरडं! जगातल्या कुठल्याही रब्बीला हे नाव सांगितलं तर तो डोकं खाजवेल. रायगडातल्या माणसाला लगेच कळेल.

शेकडो वर्षं या लोकांकडे हिब्रू पुस्तकं नव्हती, रब्बी नव्हते. 'शेमा'ची प्रार्थना तोंडपाठ होती, शनिवार होता, मुलांची सुंता होती, कुठला मासा खायचा आणि कुठला नाही ते माहीत होतं. बाकी धर्म बायकांनी स्वयंपाकघरात सांभाळला. म्हणून सणांची नावंही शास्त्रातून आली नाहीत, चुलीवरून आली. सुक्कोथ हा मांडवाचा सण तर जुन्या यादीत सापडतच नाही. त्याऐवजी त्याच महिन्याच्या चौथ्या दिवशी 'खिरीचा सण' होता. नव्या धान्याची खीर, नारळाच्या रसात. काही अभ्यासक म्हणतात, ही सुक्कोथचीच आठवण असावी. सुगीचा सण एवढं लक्षात राहिलं आणि मांडव विसरला गेला. पुढे बाहेरून, विशेषतः कोचीनहून, शिकवणारे लोक आले, पुस्तकं आली आणि मांडव परत आला. मला विचाराल तर खीर लक्षात ठेवणारे लोक जास्त व्यवहारी होते.

बरं, नारळाच्या रसाचं वेगळं कौतुक सांगायला हवं. आमच्याकडे मांस आणि दूध एकत्र चालत नाही. एका ताटात नाही, एका जेवणातही नाही. मटण खाल्लं की काही तास दूध, दही, आइस्क्रीम बंद. आता विचार करा, हा नियम पाळणारा माणूस पंजाबात जन्मला असता तर त्याचे किती हाल झाले असते! कोकणात मात्र दारात नारळ. मटणाच्या रश्श्याला नारळाचा रस, गोडाला नारळाचा रस. नव्या वर्षाला करतात तो चिकाचा हलवा, म्हणजे गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध तासन्तास आटवून केलेल्या वड्या, त्यात गाईम्हशीच्या दुधाचा थेंब नसतो. हलवा ढवळून ढवळून हात भरून येतात, म्हणून हल्ली बरेच जण कॉर्नफ्लॉवर वापरतात. आमच्या आईला ते मान्य नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

नाशिकला आमचं सिनेगॉग नाही. आमच्या ओळखीत इथे आमचं धरून तीन घरं. म्हणून सणाला आम्ही ठाण्याला जातो. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या समोर शआर हाशमाइम, म्हणजे 'स्वर्गाचं द्वार' नावाचं सिनेगॉग आहे, १८७९ चं. जुने लोक अजूनही त्याला 'मशीद' म्हणतात. दचकू नका. मुंबईत आमच्या प्रार्थनाघराला सगळे मशीदच म्हणायचे. मशीद बंदर स्टेशनचं नाव तिथल्या १७९६ च्या आमच्या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. पुण्यात मात्र ससूनांनी बांधलेल्या सिनेगॉगला लोकांनी 'लाल देऊळ' म्हटलं. एकच धर्म, बोरघाट चढला की मशिदीचं देऊळ होतं. पुण्यात रास्ता पेठेतलं १९२१ चं दुसरं सिनेगॉग आहे, त्याचं नाव 'सुक्कथ शेलोमो', म्हणजे 'शलमोनाचा मांडव'. आजच्या विषयाशी तेच जास्त जुळतं, पण ते पडलं लांब.

मांडव म्हणजे 'सुक्का'. इजिप्तमधून सुटल्यावर पूर्वज चाळीस वर्षं वाळवंटात खोपटांत राहिले, त्याची आठवण म्हणून सात दिवस मांडवात जेवायचं. छताचे नियम मोठे मजेशीर आहेत. छप्पर झाडापासून तोडलेल्या पानाफांद्यांचंच हवं. पत्रा, ताडपत्री, कापड चालत नाही. ऊन कमी आणि सावली जास्त पडली पाहिजे, पण रात्री तारे दिसतील इतक्या फटी हव्यात. थोडक्यात, गळकं छप्पर हे फीचर आहे, बग नाही. ठाण्यात नारळाच्या झावळ्या टाकतात आणि वरून फळं लटकवतात. ऑक्टोबरचा पाऊस आला तर? नियमात त्याचीही सोय आहे. जेवण खराब होईल इतका पाऊस असेल तर आत जाऊन जेवा. हा नियम लिहिणाऱ्यांनी कोकणातला परतीचा पाऊस पाहिला नव्हता, तरी अंदाज बरोबर होता.

२०२५ साली ६ ऑक्टोबरला, सोमवारी, मी अर्धा दिवस टाकून निघालो. गाडीत आई, बायको, चिरंजीव आणि अर्धा किलो काळे मनुके. मनुके हे माझं खातं आहे. किद्दुशचा आशीर्वाद द्राक्षवेलीच्या फळावर म्हणायचा असतो, म्हणजे वाइन हवी. नाशिक वाइनची राजधानी वगैरे ठीक आहे, पण आमच्या नियमांत बसणारी वाइन सहज मिळत नाही. आमच्या लोकांनी त्यावर फार पूर्वीच उत्तर काढलंय. काळे मनुके रात्रभर भिजवायचे, सकाळी कुस्करायचे, गाळायचे. ते सरबत म्हणजे आमची वाइन. चढत काही नाही, शिवाय लहान मुलांनाही चालते. रविवार कारंजावरच्या ठरलेल्या दुकानातून मी मनुके आणतो आणि दुकानदाराला वाटतं, आमच्याकडे कुणीतरी सतत बाळंत होतंय.

माणकोलीच्या पुढचं ट्रॅफिक झेलून सूर्य बुडायच्या जरा आधी पोहोचलो. दारात पोलीस असतात. नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्यातल्या नरीमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हापासून आमच्या दारात पोलीस ही सवयीची गोष्ट झाली आहे. बॅग दाखवायची, नाव लिहायचं. चिरंजीवांचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे त्याच्या हिशेबी प्रार्थनाघर म्हणजे दारात बंदूक असणारच. एकदा नाशिकला काळाराम मंदिराबाहेर त्याने मला विचारलं होतं, "इथे नाव कुठे लिहायचं?"

रात्रीच्या प्रार्थनेनंतर मांडवात किद्दुश झाला, मनुक्यांच्या सरबताची पेलेभर वाटणी झाली, चपातीवर आशीर्वाद झाला आणि मग गोंगाट. वर झावळ्यांच्या फटीतून ढगात आत-बाहेर करणारा कोजागिरीचा चंद्र. आम्ही उतरलो होतो मामेबहिणीकडे. तिच्या सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं, गाणी चालू होती. आम्ही परत आलो तसं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी हाक मारली, "या वर, दूध तयार आहे!" माझ्या बहिणीने जिन्यातूनच सांगितलं, "काकू, मटण झालंय हो!" काकू म्हणाल्या, "अगं हो, विसरलेच. सकाळी पाठवते." आणि सकाळी सात वाजता स्टीलच्या डब्यात मसाला दूध हजर. चाळीस वर्षांच्या शेजारात एवढा प्रोटोकॉल ठरलेला असतो. त्यासाठी कुणाला चर्चासत्र घ्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार वनस्पती हातात घेऊन हलवायच्या असतात. खजुरीचा न उमललेला कोंब, विलायती मेंदी, वाळुंजाच्या जातीची फांदी आणि एत्रोग नावाचं फळ. हे एत्रोग म्हणजे आपलं महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं ते. नवरात्र संपून आठवडा झालेला नसतो आणि आम्ही टेंभी नाक्याच्या देवीचा मंडप उतरवत असलेल्या रस्त्यावरून जाऊन महाळुंग हातात धरतो. मला यातून काही सिद्ध करायचं नाही. पण माझ्या आजीला महाळुंग हा शब्द येत होता आणि मला तो गूगल करावा लागला, हे खटकतं.

सण दोन दिवस पाळायचा. इस्राएलमध्ये एकच. कारण ऐकून प्रत्येक इंजिनिअर खूश होतो. प्राचीन काळी चंद्र दिसला की जेरुसलेमहून निरोपे सुटायचे. लांबच्या वस्त्यांना निरोप वेळेवर पोहोचेलच याची खात्री नसायची, म्हणून बाहेरच्यांनी दोन दिवस पाळायचे. नेटवर्क लेटन्सीवर काढलेला उपाय. पुढे गणिताचं पंचांग आलं, प्रश्न मिटला, पण उपाय तसाच राहिला. लेगसी कोड आहे, कोण हात लावणार :)

आता 'दहा' या आकड्याबद्दल.

आमच्याकडे एकट्याने प्रार्थना करता येते, पण काही भाग असे आहेत की दहा जण असल्याशिवाय म्हणताच येत नाहीत. तोरा काढून वाचणं हा एक, आणि कद्दिश हा दुसरा. गेलेल्या आईवडिलांसाठी मुलाने म्हणायची प्रार्थना म्हणजे कद्दिश. गंमत अशी की तिच्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, फक्त देवाची स्तुती आहे. पण एकट्याने म्हणायची नाही, समोरून 'आमेन' म्हणणारे हवेत. या दहांना मिनियान म्हणतात. तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. विद्वान असोत, अडाणी असोत, सर्जन असोत की रिक्षावाला, प्रत्येकाचं वजन एक. हज्जान प्रार्थना चालवतो, पण मोजताना तोही एकच. जगात बऱ्याच ठिकाणी हल्ली बायकांनाही मोजतात, आमच्याकडे अजून नाही. बायकोचं यावर मत आहे आणि ते छापण्यासारखं नाही. मला स्वतःला ती बरोबर वाटते.

ज्यांनी डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सवर काम केलंय त्यांना क्वोरम सांगायला नको. पुरेसे नोड जागेवर नसतील तर सिस्टिम राइट घेत नाही. डेटा आहे, मशीन चालू आहे, पण थांबायचं. माझे वडील गेले त्या वर्षी मी हे नीट शिकलो. नाशकात तीन घरं मिळून आम्ही चार पुरुष. दर वर्षी त्यांच्या तिथीला मी ठाण्याला जातो ते त्यासाठी, बाकी सहा उसने घ्यायला.

दहा ही काही फार मोठी संख्या नाही, असं वाटेल. १९४८ च्या सुमारास आम्ही वीस हजारांच्या घरात होतो. मग लोक इस्राएलला जायला लागले, आधी गलबतभर, मग विमानभर. आज भारतातले सगळे ज्यू मिळून साधारण चार-पाच हजार, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. तिकडे अश्दोद, दिमोना, बीरशेबा, लोद इथे आमचे लोक मराठी बोलतात. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही त्यांनी तिथून काढलं. (आपली मायबोलीची साइट नव्हे, ही वेगळी.) माझा धाकटा भाऊ सहा वर्षांपूर्वी अश्दोदला गेला. दर सणाला फोन करतो आणि शेवटी विचारतो, "मग? तुमचं कधी?" आईला नातवंडं दोन्हीकडे आहेत, त्यामुळे ती फोनवर असताना तिकडच्या बाजूने बोलते आणि फोन ठेवला की इकडच्या. बायको म्हणते, पोराची दहावी होऊ दे. मी काहीच म्हणत नाही. तिकडचं एकामागून एक चाललेलं युद्ध हे एक कारण आहे, पण तेवढंच नाही.

गुरुवारी, ९ तारखेला, आम्ही परत निघणार होतो. सणाचे मोठे दोन दिवस संपले होते, मधले दिवस सुरू झाले होते. म्हणजे प्रार्थना असते, पण कामाला सुट्टी नसते. मी चिरंजीवांना घेऊन सकाळी साडेसातला गेलो. आत सात जण होते. आणखी एक आला, मी धरून नऊ झाले. आमच्याकडे माणसांना थेट एक-दोन-तीन असं मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, माणसामागे एक शब्द म्हणत जातात. एका आजोबांनी ते पुटपुटत मान फिरवली, शेवटचा शब्द उरला आणि त्यांची नजर माझ्या मुलावर थांबली.

"केवढा झाला हा?"

"मार्चमध्ये तेरा."

"म्हणजे नाही," म्हणाले.

तिथे एक तरुण होता, तिशीचा असेल. त्याची आई दोन महिन्यांपूर्वी गेली होती. कद्दिश म्हणायला आलेला. पुस्तक उघडून, पानावर बोट ठेवून उभा. हज्जानांनी दहांशिवाय म्हणता येतो तेवढा भाग म्हणून घेतला. मग सगळे थांबले. कुणीतरी सुचवलं की अडचणीच्या वेळी लहान मुलाच्या हातात तोरेचं पुस्तक देऊन त्याला दहावा धरायची काही ठिकाणी रीत आहे. त्यावर दोघांनी दोन मतं दिली (नऊ ज्यू, म्हणजे कमीत कमी अकरा मतं). हज्जान म्हणाले, "नको. थांबू या." फोनाफोनी सुरू झाली. एकाला ताप होता, एकजण कल्याणला होता, एकाने उचललाच नाही. दारातल्या हवालदारांना काय चाललंय ते कळलं असावं. आत डोकावून म्हणाले, "एक माणूस कमी पडतोय का? मी बसू का पाच मिनिटं?" सगळे हसले. तो पोरगाही हसला. मग पुन्हा पानाकडे बघायला लागला.

मला माझ्या मुलाचा चेहरा दिसत होता. एरवी तो इथे कंटाळतो. त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर ताठ बसला होता. हळूच मला म्हणाला, "बाबा, मी आहे ना इथे. मग नाही कसा?" मी म्हटलं, पाच महिने कमी आहेत. "पाच महिन्यांनी माझ्यात काय बदलणार आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हॅलिडेशन रूल आहे बाळा, असं काहीतरी बोललो.

वीस मिनिटांनी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग, गळ्यात ऑफिसचं कार्ड. स्टेशनला निघालेले, रिक्षा वळवून आले होते. टोपी डोक्यावर ठेवता ठेवता विचारलं, "दहा झाले?" "आता झाले." बॅग खाली न ठेवताच ते उभे राहिले. तोरा बाहेर काढली गेली, आणि योग्य जागी त्या तरुणाने कद्दिश म्हटलं. आवाज सुरुवातीला लागला नाही, मग लागला. 'आमेन' माझ्या मुलाचंच सगळ्यांत मोठं होतं. आमेन म्हणायला वयाची अट नाही.

त्या गृहस्थांची लोकल केव्हाच गेली होती. निघताना तो तरुण त्यांना काही बोलायला गेला तर त्यांनी फक्त त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाले, "माझ्या वेळी एकजण विरारहून आला होता."

बाहेर आल्यावर भावाचा फोन. तिकडे पहाट होती, तो पहिल्या शिफ्टला निघाला होता. इकडचं तिकडचं झालं आणि मग ठरलेला प्रश्न. मी त्याला सकाळची हकिगत सांगितली. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "आमच्या गल्लीत तीन सिनेगॉग आहेत रे. दहांचा प्रश्नच येत नाही. कुणी गेलं नाही तरी कुणाला कळत नाही." यावर पुढे काय बोलायचं ते दोघांनाही सुचलं नाही. त्याने आईला फोन द्यायला सांगितला.

चिरंजीवांनी परत निघायच्या आधी हज्जानांना गाठून विचारलं होतं की तेरावं लागल्यावर तोरेतला कुठला भाग वाचावा लागेल. त्यांनी हिब्रू तारीख विचारली, मनात हिशेब केला, होळीच्या नंतरचा शब्बाथ सांगितला आणि त्या भागाची सुरुवात त्याच्या फोनवर रेकॉर्ड करून दिली. माणकोलीपासून गाडीत तेच चालू. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, म्हणून बघायचं. बायको मागे वळून उच्चार सांगत होती. मोजत नसले तरी तिचं हिब्रू माझ्यापेक्षा चांगलं आहे. आईने दोनदा सांगितलं की आता जरा गाणी लावा. कसारा घाटात रेंज गेली, पण रेकॉर्डिंग फोनमध्येच होतं. इगतपुरी आली तेव्हा त्याची दुसरी ओळ बसली होती.